राणी रंग

पडद्यावर सूचना येते: हा रंग कागदाला झेपणार नाही.
जिथे जिथे अबीर उडालाय तिथे करडे डाग,
म्हणजे छपाईयंत्राने आधीच हात वर केले.
रामरत्तीमावशीचा गाल करडा, बादलीचा काठ करडा,
जयगोबिनचा तर अख्खा सदरा.

आमच्या गावाला नाव नाही, नंबर आहे. चौसष्ट.
एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला समुद्र,
गयानाच्या नकाशावर मधली एक रेघ.
फगवा आला की रस्ता दुपारपर्यंत गुलाबी
आणि कालव्याचं पाणी संध्याकाळपर्यंत.

मी कॅमेऱ्याला शॉवर कॅप घातली होती,
वरून चिकटपट्टी.
घराखाली, खांबांमध्ये, चौतालवाले दोन रांगांत गुडघ्यांवर,
झांजा अशा की दात हलावेत,
आणि मी उन्हाशी घासाघीस करत:
पावडर पांढरी, कपडे पांढरे, आभाळही पांढरं,
एक पांढरा सांभाळावा तर दुसरा जळतो.
तेवढ्यात मावशी ओरडली,
"फोटोवालीचे कपडे अजून कोरे कसे गं?"
आणि बादली.

हेच ते चित्र.
पाणी अजून हवेत आहे, जिभेसारखं लांब,
मागे जयगोबिन, हसता हसता डोळे मिटलेला,
मावशीचे दोन्ही पंजे उघडे.
समोर जो कोणी उभा राहील
तो पुढच्या क्षणी भिजणार.

जयगोबिन जूनमध्ये क्वीन्सला गेला.
सोफ्यावरच्या भिंतीसाठी तीन फुटी प्रत हवी म्हणतो.
"रंग खरा ठेव," फोनवर म्हणाला, "पैशाचं बघू."
मागे त्याचा रेडिएटर खडखडत होता.

सुती कागद, बोटीने आलेला, पंचवीस ताव.
लाल ओढला तर वीट.
निळा ढिला सोडला तर बीट.
थोडं पिवळं काढलं, तर खोकल्याची गोळी.
चाचणीपट्ट्या दोरीवर लटकवल्या,
दिवे गेले, जनरेटर लावला, पुन्हा बघितल्या:
बल्बखाली एक रंग, दारात दुसरा.
सदराही सुती, कागदही सुती,
त्याने एका घोटात प्यायला,
हा नुसता ओठ लावतो.
अकरा ताव गेले.

बाराव्याच्या आधी मावशी आली, काखेत सदरा.
"घे. तीनदा धुतला, जात नाही मेला."
पण गेला होता.
काखेशी थोडा, कॉलरच्या आत थोडा,
बाकी सगळा दुधात बुडवून काढल्यासारखा.
सात नंबरच्या पट्टीला लावून पाहिला
आणि जुळला. शिवणीपर्यंत जुळला.
मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी असा नव्हता.
"त्या दिवशी ओला होता," ती म्हणाली,
आणि सदरा परत मागितला,
लादी पुसायला बरा पडतो म्हणून.

सातच्या मापाने छापली.
रात्रभर सपाट ठेवली.
सकाळी लग्नाचं काम होतं, निघता निघता
गळ्यात कॅमेरा तसाच,
पेन्सिलीसाठी एक हातमोजा काढून
समासात सही करायला वाकले.
पट्टा मार्चमधलाच.
घाम धरतो, घाम सोडतो.
मान पुसली, बोट टेकलं.

सहीशेजारी अर्धा ठसा,
ओला, झगझगीत,
दोरीवरच्या एकाही पट्टीत नसलेला.

बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता.
तेरावा ताव पेटीतच आहे.
फुंकर घातली, सुकू दिला,
मग प्रत नळीत गुंडाळली
आणि वर क्वीन्सचा पत्ता लिहिला.